मदत हवी आहे: शिया बटर रवाळ झालंय, वास पण येतोय, वापरू की टाकून देऊ?

सोनचाफा:
कुणीतरी लवकर सांगा प्लीज. शिया बटरचा डबा उघडला तर सगळं रवाळ, हातावर चोळलं की बारीक कण लागतात आणि वास येतोय. आणलं तेव्हा एकदम मऊ होतं. नेटवर एक म्हणतो खराब झालं, दुसरा म्हणतो काही होत नाही. मला आज रात्री लावायचंच आहे, कातडी नुसती फुटलीय. गरम करू, फ्रीजमध्ये ठेवू की सरळ टाकून देऊ? दीड किलो आहे हो, टाकवत नाही.

आजोळची_वाट:
दीड किलो! कुठल्या कंपनीचं आहे? डब्यावर एक्सपायरी असेल ना, ती बघ आधी.

सोनचाफा:
कंपनी वगैरे काही नाही, बाजारातलं आहे. डबा माझाच आहे.

प्रयोगवही:
कुठला बाजार, ते सांगा. कच्चं आहे की रिफाइन्ड? रिफाइन्ड पांढरं आणि बिनवासाचं असतं, कच्चं पिवळसर. आणि "वास येतोय" यावरून काहीच कळत नाही. धुराचा? आंबूस? खवट? वासावरच सगळं आहे, नीट हुंगून लिहा.

लांबवेणी:
ताई, शिया सोडूनच दे. आर्गन ऑइल घे. मी मोरोक्कोला फिरायला गेले होते तेव्हा तिथल्या बायकांच्या सहकारी संस्थेतून आणलं, केसांना आणि चेहऱ्याला दोन्हीला लावते, बाकी सगळं बंद केलंय. शिया फार चिकट, उशी खराब होते.

प्रयोगवही:
@लांबवेणी, त्यांनी शियाबद्दल विचारलंय. आर्गन छान आहेच, पण ते पातळ तेल, पटकन मुरतं. फुटलेल्या कातडीतलं पाणी उडू नये म्हणून वर जाडसर थर लागतो, तिथे शिया जास्त उपयोगी. आणि तुम्ही आणलंय ते लावायचं की खायचं? बिया भाजून काढलेलं खायचं, न भाजता काढलेलं अंगाला. पर्यटकांना कधीकधी खायचंच हातात पडतं, त्याला भाजलेल्या दाण्याचा वास असतो.

लांबवेणी:
माझं लावायचंच आहे, मी विचारूनच घेतलं. आणि दोन वर्षं वापरतेय म्हणून सांगितलं, पुस्तकातून नाही.

सोनचाफा:
अहो मी आक्रात राहते, घानामध्ये. इथे आर्गन परदेशातून येतं आणि महाग पडतं, शिया कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. मकोला मार्केटमधून घेतलं, मोठ्या घमेल्यात ढीग लावून विकतात तसलं. रंग फिकट पिवळा. वास धुराचा आहे बहुतेक, पण मला आधी इतका जाणवला नव्हता.

कुमासीकर:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना ताई, आम्ही सगळे भारतातला डबा समजून बसलो. सध्या हर्मटान चालू आहे, सहारावरून कोरडा धुळीचा वारा येतो, ओठ टाचा सगळं फुटतं, तुमच्या एकटीचं नाही. आता नीट वाचा. रवाळ होणं म्हणजे खराब होणं नाही. आक्रात दिवसा उकाड्याने ते अर्धवट वितळतं, रात्री एसीत हळूहळू घट्ट होतं, आणि हळू गार झालं की त्यातला स्टिअरिक, म्हणजे कडक चरबीचा भाग आधी गोठून कण धरतो, तूप रवाळ होतं तसंच. शिया अंगाच्या उष्णतेलाच वितळतं, म्हणून कण हातावर चोळले की जातात.
आता वास. उत्तरेत तामाले, बोलगाटांगाकडे बायका झाडाखाली पडलेली फळं गोळा करतात, बिया उकळून वाळवतात, फोडून आतला गर भाजतात, दळतात. मग ते चॉकलेटी पीठ पाणी घालून हाताने घुसळत बसायचं, वर लोणी येतं, ते उकळून पाणी आटवायचं. सगळं लाकडाच्या चुलीवर. म्हणून धुराचा, भाजलेला वास कच्च्या शियाचा नेहमीचाच, तो आला म्हणजे माल अस्सल समजा. खवट, नाकात बसणारा किंवा आंबूस वास असेल तर मात्र पाणी नीट आटवलेलं नाही किंवा माल जुना आहे. मग अंगाला लावू नका.

सोनचाफा:
मग तो गुळगुळीत कसा करायचा? आणि इथे लाइट जाते सारखी, दुमसोर म्हणतात त्याला, फ्रीजचा भरवसा नाही.

कुमासीकर:
पातेल्यात पाणी तापवून त्यात वाटी ठेवा, थेट गॅसवर नको. एकही कण न राहता पूर्ण वितळू द्या. मलमलच्या फडक्यातून गाळा, छोट्या डब्यांत ओता आणि लगेच गार करा. फ्रीज नसेल तर डबे बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. वितळताना तडतडलं किंवा तळाशी पाणी दिसलं तर पाणी राहिलंय, वरचं वरचं काढून घ्या आणि लवकर संपवा.

विदर्भाची_लेक:
माझं एक म्हणणं. शिया, आर्गन हे सगळं ठीक, पण आपल्या गडचिरोलीत मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल काढतात त्याबद्दल कुणी का बोलत नाही? माझ्या आजीच्या पायाला भेगा नव्हत्या कधी. मोह आणि शिया एकाच कुळातले आहेत, चिकू पण त्यातलाच, आणि आर्गन सुद्धा. मोहाला कुणी विचारत नाही कारण नाव इंग्रजी नाही.

नाखवा:
आमच्याकडे कोकणात कोकमच्या बियांचं मुठेल, गोव्यात भिरंडेल म्हणतात, तेच टाचांना. गोळा असतो, कडक, थोडं गरम करून लावायचं. शिया लागतच नाही.

प्रयोगवही:
दोन्ही बरोबर, पण मुठेल शियापेक्षा बरंच कडक, बोटाने सहज पसरत नाही. एक गंमत सांगतो, २००० साली युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये कोकोआ बटरशिवाय ५ टक्क्यांपर्यंत दुसरी वनस्पती चरबी घालायला परवानगी दिली, त्या यादीत शिया, कोकम, आंब्याची कोय, साल वृक्षाच्या बिया असं सगळं एकत्र आहे. घानाहून बाहेर जाणाऱ्या शियाचा बराच मोठा भाग क्रीममध्ये नाही, चॉकलेटात जातो.

इतिहासवेडा:
शियाच्या झाडाचं जुनं शास्त्रीय नाव मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशावरून पडलं, त्याने १७९६ च्या प्रवासात पश्चिम आफ्रिकेत हे लोणी बघून त्याचं वर्णन केलं. क्रीमच्या बाटलीवर घटकांत ब्यूटिरोस्पर्मम पार्काइ लिहिलेलं असतं ते शियाच. आणि आफ्रिकेची गोरखचिंच, म्हणजे बाओबाब, आपल्याकडे वसईच्या किल्ल्यात उभी आहे, जरूर बघा. तिच्या बियांचंही तेल निघतं.

लांबवेणी:
बाओबाबचं तेल केसांना कसं असतं? मला रुक्ष केसांसाठी हवंय. केस गळणं थांबतं का?

आजोळची_वाट:
केस गळण्यासाठी एरंडेल लावा, रात्रभर, जुना उपाय आहे.

प्रयोगवही:
एरंडही मूळचा पूर्व आफ्रिकेकडचाच मानतात. पण केस गळणं तेलाने थांबत नाही, तेलाने फार तर केस तुटायचे कमी होतात. गळत असतील तर रक्त तपासा, थायरॉइड, आयर्न. एरंडेल एकटं फार घट्ट, केसात गुंता होतो, खोबरेलात थोडं मिसळा.

सोनचाफा:
अहो तुम्ही सगळे केसांवर गेलात. माझं राहिलं. मुलीला लावायचं आहे, आठ महिन्यांची आहे. कोपराच्या वळकटीत लाल झालंय आणि ती सारखी खाजवते.

कुमासीकर:
मुलीला? एवढं मोठं आत्ता सांगताय! लाल झालेल्या जागी ओलं आहे का? पापुद्रे, पिवळट खपली? ताप?

सोनचाफा:
थोडं ओलसर आहे एका बाजूला. ताप नाही. बाकी अंग नुसतं कोरडं आहे.

बालपालक:
मी परिचारिका आहे, मुलांच्या वॉर्डात काम करते. ओलसर, खाजणाऱ्या जागेवर बाजारातलं काहीही लावू नका, शिया कितीही शुद्ध असलं तरी. ते एक्झिमा असेल, जंतुसंसर्गही असू शकतो, उद्याच बालरोगतज्ज्ञाला दाखवा. खपली पिवळी झाली, पसरलं किंवा ताप आला तर थांबू नका, रात्रीच न्या. बाकी कोरड्या अंगाला वाटलं तर आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत बघा. काही आलं नाही तर अंघोळीनंतर अंग किंचित ओलं असताना पातळ लावा. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, सुवासिक साबण नको.

विदर्भाची_लेक:
आमच्याकडे तर जन्मल्यापासून मोहाचं लावतात बाळाला.

कुमासीकर:
इथे उत्तरेतही बाळांना शियाने मालिश करतात, त्यात काही वाईट नाही. पण निरोगी कातडीला. नर्सताई म्हणतात ते बरोबर आहे, लाल जागा सोडून द्या.

सोनचाफा:
बरं. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली. बटर वितळवून बघितलं, तडतडलं नाही, खाली पाणी नाही, वास धुराचाच आहे. गाळून छोट्या डब्यांत भरते. दंडाला थोडं लावलंय, उद्या सांगते. सगळ्यांचे आभार, खास करून नर्सताई.

प्रयोगवही:
डबे पूर्ण कोरडे हवेत, पाण्याचा थेंबही नको. त्यात गुलाबपाणी, कोरफडीचा गर असं काही मिसळू नका, पाणी आलं की बुरशी येते. उजेडापासून लांब ठेवा.

लागोसचा_पाहुणा:
माझा वेगळा प्रश्न, धागा शियाचा आहे म्हणून इथेच. इकडे बाजारात एकदम हळदीसारखं गडद पिवळं शिया मिळतं, ते जास्त चांगलं म्हणतात. खरं का?

कुमासीकर:
नाही हो. तो रंग बहुतेक बोरुतुतु नावाच्या मुळीने दिलेला असतो. मुळीचा रंग आहे, दर्जाचा नाही. दुकानदाराला विचारा, रंग न घातलेलं फिकट मिळत असेल तर ते घ्या.