चॉकलेट गुरामी दाणे का थुंकते?

आपल्या टाकीतली चॉकलेट गुरामी माशांची जोडी खाद्याचे कोरडे दाणे तोंडात घेऊन लगेच थुंकते आणि त्यांची पोटे खपाटीला गेली आहेत, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते यात माशांचा दोष नाही. मलाया, सुमात्रा आणि बोर्निओ येथील दलदलींत, कोऱ्या चहासारख्या तांबूस आणि जवळजवळ क्षारविरहित पाण्यात वाढणारा हा मासा हलणारे भक्ष्यच पटकन ओळखतो. म्हणून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची) ताजी पिल्ले किंवा डासांच्या अळ्या दिवसातून दोनदा, अगदी थोड्या द्याव्यात. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरतो, तेव्हा उरलेला नळीने ओढून काढावा.

आता पाण्याविषयी. आमच्या खानापुरातल्या घरी बोअरच्या पाण्याने पातेल्याला क्षारांचा पांढरा थर धरतो. ते येथे निरुपयोगीच. मी कौलांवरचे पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ देतो, पुढचे पाणी पिंपात साठवतो आणि त्यात देशी बदामाची आपोआप गळलेली तांबडी पाने टाकतो. (पावसाची आपल्याकडे वानवा नाही!) पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, ४ ते ६ असावा, पण बदल हळूहळू करावा.

मादीचा गळा फुगला आणि तिने खाणे सोडले, तर मात्र घाबरू नये: ती तोंडात अंडी सांभाळत असते, आणि साधारण दोन आठवडे तिला मुळीच हलवू नये.