प्रतिसाद: खाडीसाठी फिन कील की दोन कील?

शिडाची बोट घेताना फिन कीलची (तळाखाली मध्यभागी एकच खोल पंख) घ्यावी की दोन कीलची (तळाच्या दोन्ही बाजूंना एकेक आखूड पंख), असा प्रश्न होता. फिन कीलची बोट वारा येतो त्या दिशेच्या जास्त जवळून चालते हा आधीच्या प्रतिसादातला मुद्दा बरोबर आहे, पण बोट ठाणे खाडीत ठेवायची असेल तर तो दुय्यम ठरतो. २६ फुटी बोटीची फिन कील साधारण साडेचार फूट पाणी मागते. उधाणाच्या ओहोटीला वाशी-ऐरोलीचा काठ नुसता चिखल होतो आणि अशी बोट कुशीवर पडते. वेस्टर्ली सेंटॉरसारखी (१९६९ साली आलेले मॉडेल, २६ फुटी) दोन कीलची बोट तीन फुटांत तरंगते, पाणी उतरले की सरळ बसते.

मात्र जुनी सेंटॉर घेताना केबिनच्या तळाच्या फळ्या काढून कीलच्या मुळाशी बघाच. दर ओहोटीला बोटीचे वजन दोन्ही कीलना बाहेर फाकवते, तळ लवतो, बोल्टांच्या ओळीत केसासारख्या चिरा पडतात आणि पाणी झिरपते. नुसते सीलंट भरणे म्हणजे पैसे पाण्यात. रंग घासून खालचा काचतंतूचा (फायबरचा) थर उघडा करायचा, बोल्टांच्या मधून आडव्या फासळ्या बसवायच्या आणि त्यावर बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेल्या) काचतंतूच्या कापडाचे थर इपॉक्सी रेझिननेच द्यायचे. जुन्या फायबरवर पॉलिएस्टर रेझिन तितके धरत नाही. काम शक्यतो डिसेंबर-जानेवारीत. पावसाळी दमटपणात इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने घासून धुतला नाही तर पुढचा थर सुटतो.

वाशीच्या पुलांखालून वर जायचे असेल तर डोलकाठी बिजागरीवर आडवी करता येते का, तेही विचारून घ्या.