फॅशन आवडते म्हणजे मी जाहिरातीची गिऱ्हाईक, असं का?

चुणीदार (धागाकर्ती)

परवा घरी काका-काकू आले होते. मी बाबांचा जुना टेरिकॉटचा शर्ट घातला होता. फिकट पिस्ता रंग, बारीक तपकिरी रेघ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. काकांनी नखशिखांत बघितलं आणि म्हणाले, "हे नवीन फॅड कुठल्या रीलवरून उचललंस?" मी म्हटलं, बाबांच्या कपाटातून. सगळे हसले, विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो संपलेला नाही.

वय २२, पुण्यात शिकते. कपड्यांवर महिन्याला दीड हजारापेक्षा जास्त जात नाहीत, आणि त्यात शिलाईही आली. तरी मला कपडे आवडतात असं म्हटलं की समोरचा दोनांपैकी एक निष्कर्ष काढतो: हिच्याकडे फार पैसा आहे, किंवा हिला अक्कल कमी आहे.

हा शर्ट मी का घातला ते सांगते. कॉलर उसवून बघितली तर आत सुईच्या भोकांच्या दोन रांगा होत्या. म्हणजे ती आधीच एकदा पलटलेली होती. आईला विचारलं. कॉलर घासून फाटली की आजी ती काढायची, उलटी करायची आणि परत शिवायची. शर्ट पुढे तीन-चार वर्षं ऑफिसला जायचा. आजीला फॅशन कळत होती का, मला माहीत नाही. कपडा कळत होता.

माझं म्हणणं एवढंच की जाहिराती मीही बघते, भरपूर बघते. क्रिकेटवेडा माणूस बोलरची ग्रिप बघतो तसं बघते. प्रकाश कुठून टाकलाय, मॉडेलच्या पाठीमागे कुडता कुठे पिनांनी आवळलाय (आवळलेला असतोच, कमरेत तो तसा बसत नाही), हे बघायला मला मजा येते. 'आम्ही बुवा जाहिराती बघतच नाही' म्हणणारे लोक दुकानात गेल्यावर नेमकं तेच उचलतात. ज्याला आवड आहे त्याला निवडता येतं, असं माझं मत. बोला.

पांढरा_शर्ट

माझ्याकडे एकसारखे सहा पांढरे शर्ट आणि तीन काळ्या पँटी आहेत. सकाळी विचार शून्य. कपड्यांवर एवढा मजकूर लिहिता येतो हेच मला आज कळलं. अंग झाकलं की काम झालं. बाकी सगळं कुणीतरी आपल्याला विकायला बसलंय.

चुणीदार

@पांढरा_शर्ट सहा एकसारखे पांढरे शर्ट ही चांगलीच कडक स्टाइल आहे. इस्त्री कोण करतं तेवढं सांगा.

पांढरा_शर्ट

अवांतर प्रश्नांना उत्तर दिलं जाणार नाही. 😐

ओळीमागे_ओळ

मी अठरा वर्षं जाहिराती लिहितो, त्यामुळे धागाकर्तीचा आत्मविश्वास बघून जरा काळजी वाटली.

अगं, पिनांनी आवळलेला कुडता ओळखलास, छान. पण तो ओळखता येऊ नये अशी आमची अपेक्षाच नसते. 'मी या जाहिरातीला फसत नाही' असं वाटणारं गिऱ्हाईक आम्हाला सगळ्यात प्रिय. त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहितो: तू गर्दीतला नाहीस. ही ओळ लिहायला मला चहा गार होईपर्यंतसुद्धा वेळ लागत नाही. आणि ती लाखो लोकांना एकाच वेळी दाखवली जाते. प्रत्येकाला वाटतं, हे माझ्याबद्दल आहे.

ही युक्ती जुनी आहे. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत एडवर्ड बर्नेज या गृहस्थाने बायकांना भर रस्त्यात सिगारेटी पेटवायला लावल्या आणि त्यांना नाव दिलं 'स्वातंत्र्याच्या मशाली'. त्याला पैसे सिगारेट कंपनी देत होती. बंडखोरी तेव्हापासून पाकिटात मिळते. आपल्याकडेही गोरेपणाचं क्रीम १९७५ पासून विकलं गेलं. लोक फारच बोलायला लागले तेव्हा २०२० मध्ये नावातलं 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. दुकानातल्या फळीवरची जागा तीच.

तुझा बाबांचा शर्टही सुटणार नाही. 'आजीच्या हातची शिवण' ही थीम घेऊन कुणी माझ्याकडे आलं तर मी उद्या लिहून देईन. डोळ्यांत पाणी येईल असं लिहीन.

चुणीदार

तुम्ही लिहाल आणि मी रडेनही. पण रडून झाल्यावर तो शर्ट विकत घेईन का, हा वेगळा प्रश्न. माझ्याकडे तो आहे ना!

आणि एक सांगू? रीलवाल्यांपेक्षा मला आमच्या वर्गातल्या मुली जास्त गंडवतात. पैसे घेऊन बोलत असाल तर तसं लिहा, हा नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये रीलवाल्यांना घातला. त्यामुळे मी आधी ती चिठ्ठी शोधते. मैत्रिणीच्या कुडत्यावर चिठ्ठी नसते. ती कॅन्टीनमध्ये 'अगं, फक्त साडेतीनशे' म्हणते आणि संध्याकाळी आम्ही चौघी त्याच दुकानात उभ्या.

हिंदमाता_रिटर्न्स

+१. झुडिओच बघा की. टीव्हीवर जाहिरात जवळजवळ नाही, बहुतेक माल हजाराच्या आत, आणि लोकलच्या एका डब्यात तोच प्रिंट तीनदा दिसतो. जाहिरातीमुळे सगळे सारखे दिसतात हे म्हणणं मला तिथेच लटकं वाटतं. दुकान जवळ आहे, खिशाला परवडतं, पुढच्या आठवड्यात गेलं तर तो माल नसेल. एवढं पुरतं.

खणखणीत

मला बोलायचंय ते 'आपण परंपरेतून वेगळेपण शोधतो' या लाडक्या समजुतीवर.

खण आठवतोय ना? गुळेदगुड्डचा, इरकलीवर चोळी शिवायचा, छोट्या काठाचा तुकडा. माझी आजी त्याची चोळी रोज घालायची, भाकऱ्या थापताना घालायची. मग कुणीतरी त्याची साडी केली. छान दिसली, मीही घेतली. मग कुर्ता, मग जॅकेट, मग पर्स, मग आकाशकंदील, मग लॅपटॉपचं कव्हर, आणि शेवटी पॉलिस्टरवर छापलेला खण, ज्याला मागाचा वारासुद्धा लागलेला नाही. पाडव्याला गिरगावात शोभायात्रेला उभं राहा. नऊवारी, नथ, चंद्रकोर, गॉगल, बुलेट. एकेकीला विचारा, प्रत्येक जण 'माझी स्वतःची ओळख' असंच सांगेल.

मला त्या मुली आवडतात, गैरसमज नको. फक्त तो गणवेश आहे हे कबूल करा.

करवीरकर

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला चालवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आमच्या गल्लीत जी पोरं जन्मभर स्पोर्ट्स शूजशिवाय फिरली नाहीत त्यांनीही स्टेटस ठेवले. भौगोलिक मानांकन २०१९ चं आहे. चार जिल्हे आपले, चार कर्नाटकातले. त्याआधीही आणि नंतरही कारागीर तिथेच बसून कातडं कापत होता. परदेशी माणसाने उचलल्यावर आम्हाला आमचे पाय दिसले. वेगळेपणाबद्दल मी एवढंच बोलू शकतो.

(आणि हो, मीही त्याच आठवड्यात एक जोड घेतला. पहिले चार दिवस करकरली आणि चावली.)

मधली_वाडी

इतका वेळ नुसती वाचत होते. आता राहवत नाही.

इथे सगळ्यांनी गृहीत धरलंय की वेगळं दिसणं चांगलं आणि सारखं दिसणं वाईट. मला आयुष्यातली पहिली वीस वर्षं सारखं दिसायचं होतं. माझे सगळे कपडे मावशीच्या मुलींचे उतरलेले. त्या माझ्यापेक्षा उंच, म्हणून प्रत्येक फ्रॉकच्या खाली आईने घातलेली दुमड, आणि दरवर्षी ती थोडी सोडली की जुन्या रेघेवर रंग गडद. शाळेत सगळ्यांना कळायचं हा फ्रॉक कितव्या वर्षात आहे ते. मी भलतीच 'युनिक' होते.

शहरात आल्यावर पहिल्या पगारात मॉलमधून ३९९ चा कुर्ता घेतला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकीने तोच घातला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला इतका आनंद झाला की मी तिला वडापाव खाऊ घातला.

आणि हे काही माझ्यापुरतं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना काय सांगितलं ते काढून वाचा. लुगडं नेसायची जी पद्धत बघून लोक तुमची जात ओळखतात ती सोडा, हातातले-गळ्यातले ते जाडजूड दागिने सोडा, असं सांगितलं होतं. त्या बायकांकडे वेगळेपण होतंच, वरून लादलेलं. त्यांना ते उतरवायचं होतं. एकीकडे गांधींनी १९२१ मध्ये अंगावरचे कपडे कमी केले, दुसरीकडे बाबासाहेब सुटाबुटात उभे राहिले. आमच्या घरात भिंतीवर दुसरा फोटो आहे, आणि त्यातल्या कोटाला कुणी 'ब्रँडचं वेड' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

तेव्हा स्वस्त दुकानाला आणि त्यातल्या एकसारख्या कुर्त्यांना नावं ठेवताना जरा जपून.

ओळीमागे_ओळ

@मधली_वाडी हा प्रतिसाद वाचून मी माझा वर जाऊन पुन्हा वाचला. त्यात 'गिऱ्हाईक' हा शब्द मी फार आरामात वापरलाय.

खणखणीत

पूर्ण सहमत नाही. स्वस्त कुर्त्याने तुमची सुटका केली हे खरं. पण तो ३९९ ला कसा बसतो? २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना मशीनवर बसवलं. त्यांचीही एक मधली वाडी होतीच की.

मधली_वाडी

होती. आणि महागड्या ब्रँडचे शर्ट दुसऱ्या ग्रहावर शिवतात का? त्या इमारतीत युरोपातल्या दुकानांचा मालही शिवला जात होता. हिशेब मागायचा तर वरच्या मजल्यापासून मागा, माझ्या ३९९ पासून सुरुवात नको.

चुणीदार

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण सुचलं नाही. मधली_वाडी ताई, दुमड सोडल्यावर दिसणारी ती गडद रेघ मी 'व्हिंटेज' म्हणून पैसे देऊन घेतली असती. लिहितानाही लाज वाटतेय, पण खरं आहे.

तरी मुद्दा पूर्ण सोडत नाही. सारखं दिसण्याची मुभा हवी, मान्य. पण मग कपड्याकडे बघूच नये का? मला शिवण आवडते, रंग आवडतात. त्यासाठी दरवेळी जाहिरात किंवा जात मध्ये आणून मला माफी मागायला लावू नका.

माप_घ्या

मी शिंपी. आधी सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यात होतो, आता स्वतःचं दुकान. मुलाने हा धागा वाचून दाखवला, लिहितोय पण तोच.

गणवेशात सगळे सारखे दिसतात हे ज्याने कधी गणवेश शिवला नाही तो म्हणतो. जून संपायच्या आत पोरं परत येतात. काका, पँट खालून निमुळती करा. काका, शर्ट कमरेत घ्या. पोरी स्कर्टच्या चुण्या मोजतात. कापड एक, माप एक, तरी महिन्याभरात चाळीस पोरांच्या चाळीस पँटी. त्यांना कुठल्या जाहिरातीने सांगितलं नाही. पुढच्या बाकावरच्याने सांगितलं.

दुसरी गोष्ट. ताई, तुझ्या बाबांचा शर्ट तू उसवलास तर आत माया बघितलीस का? शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. पूर्वी आम्ही बाजूला इंचभर तरी ठेवायचो. माणूस जाड होतो, पोरगं वाढतं, शर्ट धाकट्याला जातो. आता रेडिमेडमध्ये उलटून बघ, ओव्हरलॉकची दोरी आणि आत एक बोटसुद्धा कापड नाही. लाख नगात नगामागे अर्धा इंच वाचला तर केवढे तागे वाचतात, हिशेब करा. म्हणून तो कपडा सैल करता येत नाही, आहे तसा घाला नाहीतर टाका. तुम्ही इथे स्टाइल म्हणता ती मला त्या इंचात दिसते. कापडच नसेल तर मी काय वेगळं करून देणार?

चुणीदार

आत्ताच कपाट उघडून मोजलं. बाबांच्या शर्टात सव्वा इंच. माझ्या गेल्या महिन्यात घेतलेल्या कुडत्यात नखाएवढंसुद्धा नाही.

काका, त्या शर्टाचे खांदे मला उतरतात. बाही काढून आत घेता येईल का?

माप_घ्या

येईल. पण आधी खांद्याचं माप घरी कुणाकडून तरी घ्या, आरशात बघून स्वतः घेऊ नका, चुकतं. बाही उसवली की वरचा गोल थोडा कापावा लागेल, नाहीतर काखेत ओढेल. टेरिकॉट जुनं आहे, बारीक सुई वापरायला सांगा.

पांढरा_शर्ट

माझे सहाही शर्ट उलटे करून बघितले. माया नाही. पोट मात्र आहे.

मधली_वाडी

@चुणीदार माफी मागू नकोस, तसं मी म्हटलंच नव्हतं. पण आजीने पलटलेली कॉलर घालून मिरवायला कपाटात आधी बाबांचा शर्ट असावा लागतो. आमच्याकडे तो असा उरलाच नाही. बाजूची माया सोडून तो थोरल्या भावाने वापरला, मग धाकट्याने, मग त्याची पायपुसणी झाली. मी माझा ३९९ चा कुर्ताच घालणार.

माप_घ्या

घाला की. फक्त नवा आणला की बाजूने एक जास्तीची शिलाई मारून घ्या. दुसऱ्या धुण्यात तिथेच उसवतो तो.