नाव काढून तपासलेलं रक्त: मोजणी बरोबर की चूक?

मीनल_ठाणे: अमेरिकेत 1988 पासून बाळंतिणींमध्ये एचआयव्ही किती, हे एका वेगळ्याच पद्धतीने मोजत. बाळाच्या टाचेला टोचून फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब घेतात, थायरॉइड वगैरेच्या तपासणीसाठी. उरलेल्या थेंबातून एक टिकली पाडायची, नाव-पत्ता काढून टाकायचा आणि एचआयव्हीची चाचणी करायची. ही चाचणी अँटीबॉडी शोधते, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं, आणि त्या वेळी बाळाच्या रक्तातल्या अँटीबॉडी आईकडून आलेल्या असतात. म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह तर आई बाधित, बाळ असेलच असं नाही. 1989 चा आकडा निघाला हजारी दीड. यातली एकही आई शोधता येणार नाही, अशीच रचना. 1995 मध्ये हे थांबवलं. मी म्हणते, फार उशिरा.

आकडेमोड: ताई, विचारून तपासलं की नकार देणाऱ्या सुटतात, आणि धाकधूक असलेल्याच जास्त नकार देतात. न विचारता जवळजवळ प्रत्येक बाळंतपण मोजलं म्हणून तो आकडा भरवशाचा. शिवाय 1988 मध्ये बाळाला वाचवायला हातात होतं काय?

मीनल_ठाणे: अंगावर पाजू नका, एवढं तरी सांगता आलं असतं की! तो सल्ला तिथे 1985 पासून होता.

आकडेमोड: हा मुद्दा मान्य. 1994 नंतर तर माझीही पंचाईत होते. एझेडटी या एचआयव्हीवरच्या औषधाचा गरोदर बायकांवर प्रयोग झाला, त्यात बाळांना लागण होण्याचं प्रमाण 25.5 टक्क्यांवरून 8.3 वर आलं. पण न्यूयॉर्कने पुढे काय केलं? 1997 पासून प्रत्येक नवजात बाळाची नावानिशी चाचणी. ते औषध गरोदरपणात सुरू करायचं आणि तुम्ही सांगणार बाळंतपणानंतर. बैल गेला नि झोपा केला!

मीनल_ठाणे: पुढच्या खेपेला तरी उपयोग होईल ना. आणि तिच्या स्वतःच्या औषधोपचाराचं काय? ती फक्त बाळाची आई आहे का?

लॅबवाला_सांगली: आपल्याकडेही हेच होतं. मी सरकारी दवाखान्यात होतो. गरोदर बायकांचं व्हीडीआरएलसाठी, म्हणजे सिफिलिसच्या (गरमीच्या) तपासणीसाठी काढलेलं रक्त, त्यातलं उरलेलं सिरम दुसऱ्या कुपीत ओतायचं, वर नुसता कोड. सोबत वय, शिक्षण, नवऱ्याचं काम. तीन महिन्यांत ओळीने 400 नमुने. ओतताना जुन्या लेबलवरचं नाव वाचलं जायचंच. एक आमच्याच गल्लीतली होती. निकाल मला कधी कळला नाही, कळणारही नव्हता. तरी ती समोरून आली की मी उगाच चपलेकडे बघायचो.

आकडेमोड: 400 वर जिल्ह्याचा अंदाज बांधणं मात्र धाडसाचं हं. 2017 मध्ये देशभरातल्या गरोदर बायकांमधला दर 0.28 टक्के होता, म्हणजे 400 त सरासरी एक बाई. पुढच्या फेरीत दोन सापडल्या की 'प्रमाण दुप्पट'! 2007 मध्ये घरोघरच्या रक्ततपासणीचे आकडे जोडले, तेव्हा देशातल्या एचआयव्ही बाधितांचा अंदाज 52 लाखांवरून 25 लाखांवर आला. दवाखान्यातून सगळा देश दिसत नाही.

मीनल_ठाणे: लॅबवाले दादा, आता तर विचारून तपासतात. बायका नकार देतात का?

लॅबवाला_सांगली: मी होतो तोवर तोंडावर 'नाही' म्हणणाऱ्या मोजक्याच. "ह्यांना विचारून उद्या येते" म्हणणाऱ्या पुष्कळ. त्यातल्या काही परत यायच्या नाहीत. त्यांच्यासाठी रजिस्टरला रकाना नव्हता.