शिकाऊ नर्सची झोप उडालीय, आणि तिचे इंटर्नल मार्क माझ्याच हातात आहेत

वॉर्डट्यूटर (कोल्हापूर):

नमस्कार. मी इथल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवते आणि त्याच मुलींचं वॉर्डातलं पोस्टिंगही बघते. प्रश्न त्यातल्या एकीचा आहे. ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलून लिहितेय.

मुलगी चंदगडकडची, १९ वर्षांची, कामाला चटपटीत. फीमेल मेडिकल वॉर्डला असताना तिनं केअर प्लॅनसाठी (एका पेशंटची शुश्रूषा ठरवून, करून जर्नलमध्ये लिहायची असते) हार्ट फेल्युअरची एक आजी घेतली होती. आजी कुणाच्या हातून खायची नाही, हिच्या हातून मात्र दोन-चार चमचे पेज घ्यायची. एका सकाळी ड्युटी सुरू झाली आणि थोड्याच वेळात आजी गेली. इनचार्ज सिस्टरनी हिला सोबत घेऊन शेवटची तयारी केली. डोळे मिटले, हनुवटी बांधली, नळ्या काढल्या, हातपाय सरळ केले, लेबल लावलं. पोरीनं सगळं नीट केलं. बॉडी हलली तशी लगेच ऑर्डर आली, बेड कार्बोलाइज कर (जंतुनाशकानं पुसून काढ), कॅज्युअल्टीतून अ‍ॅडमिशन येतंय. तिनं तेही केलं. मग बाराचे टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वास, घेतले. दुपारी जर्नल बघून तिला कुणीतरी म्हणालं, "हा केअर प्लॅन अपुराच राहिला की. दुसरी केस घे."

कुणी मुद्दाम वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. वॉर्ड भरलेला होता, सिस्टर दोनच होत्या. पण तेव्हापासून ही मुलगी मेसमध्ये ताटावर बसते आणि तशीच उठते. रूममेट सांगते, रात्री दोन-अडीचला बघावं तर भिंतीला टेकून बसलेली असते. ड्युटी चुकवत नाही, पण राउंडला त्या बेडपाशी आली की तो टाळून पुढच्या बेडला जाते. जर्नल तपासायला माझ्याकडं आलं, तर आजीचा केअर प्लॅन तसाच होता. असेसमेंटपासून इम्प्लिमेंटेशनपर्यंत सगळं सुबक अक्षरात, शेवटचा इव्हॅल्युएशनचा, म्हणजे काय साधलं त्याचा, रकाना कोरा. नवीन केस सुरूच केलेली नाही. तीन आठवडे होत आले.

मी तिला केबिनमध्ये बोलावलं. "काही नाही मॅडम, ठीक आहे," एवढंच. अ‍ॅप्रनचा खिसा चिमटीत धरून उभी होती, बस म्हटलं तरी बसली नाही.

मला तिची अडचण कळते. हजेरी मी लावते, इंटर्नल मी देते, वॉर्डातली शेरेवही मी लिहिते. वॉर्डात पाय ठेववत नाही हे ती मलाच कसं सांगणार? रजा घे म्हणावं तर त्याचीही धास्ती. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानं परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रमाणपत्र हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास १०० टक्के भरून द्यावे लागतात. म्हणजे आज घेतलेली सुट्टी उद्या त्याच वॉर्डात फेडायची. मुलींना हे तोंडपाठ असतं, म्हणून ताप अंगावर काढतात आणि असली दुखणीही अंगावरच काढतात.

प्रिन्सिपल म्हणतात, चार दिवस घरी पाठवा, आईला बोलावून घ्या. मला ते पटत नाहीये, पण दुसरं काय करावं हेही सुचत नाही. तिला कुणाकडं पाठवू? आईला सांगायचं तर कसं? आणि यातलं काही तिच्या फाइलला लागणार नाही याची काळजी कशी घ्यायची? ज्यांनी वॉर्डात आयुष्य काढलंय त्यांनी जरूर लिहा.

निवृत्त_इनचार्ज:

मॅडम, तुम्ही हे विचारलंत याचं बरं वाटलं. सरकारी दवाखान्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यातली बरीचशी मेडिकल वॉर्डात.

पहिली गोष्ट. तो केअर प्लॅन अपुरा नाही, पूर्ण आहे. मरणाच्या वाटेवरच्या पेशंटचं उद्दिष्ट बरं करणं हे नसतंच. दम कमी लागावा, तोंड कोरडं पडू नये, पाठीला जखम होऊ नये, कुणीतरी जवळ असावं, एवढं असतं. तिला बसवा आणि तो रकाना तिच्याच हातानं भरून घ्या. प्रॉप्ड-अप दिल्यावर, म्हणजे उशांना टेकवून बसवल्यावर, आजीला झोप लागत होती का? तोंडाची स्वच्छता किती वेळा केली? प्रेशर सोअर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, झाली का? नाही ना झाली? मग लिही. शेवटी, पेशंटचा मृत्यू, अमुक वाजता, नर्स जवळ होती. आणि त्याला पूर्ण मार्क द्या. 'दुसरी केस घे' म्हटल्यावर त्या पोरीनं काय ऐकलं असेल? आजी गेली म्हणजे तुझं सगळं करणं वाया गेलं, असंच की.

दुसरं, माझ्या वॉर्डात पाळलेला नियम सांगते. पहिला मृत्यू बघितलेल्या स्टुडंटला त्याच बेडचं कार्बोलायझेशन द्यायचं नाही. ते मावशी आणि स्टाफ करतील. तिला घेऊन लिनन रूममध्ये दहा मिनिटं बसायचं. काय झालं, कसं झालं, तुझे हात थरथरले का, एवढंच विचारायचं. रडली तर रडू द्यायचं. अ‍ॅडमिशन दहा मिनिटं ट्रॉलीवर थांबतं, काही बिघडत नाही. एमर्जन्सी असली तर शिफ्ट संपताना बसायचं, पण त्याच दिवशी. उद्यावर ढकललं की राहूनच जातं.

आमच्या वेळी मेट्रन म्हणायच्या, नर्सनं वॉर्डात रडायचं नाही. मी ते कधी मानलं नाही. पेशंटसमोर नाही रडायचं, इतकंच खरं.

मनोरुग्ण_परिचारिका (रत्नागिरी):

मॅडम, मी सायकियाट्रिक नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा केलाय आणि याच क्षेत्रात काम करते. कोल्हापूरच्या मुली आंबा घाट उतरून आमच्याकडं पोस्टिंगला येतात तेव्हा पेशंटचं एमएसई (मानसिक स्थितीची तपासणी) घेता घेता स्वतःचंच सांगायला लागतात. कारण मी त्यांना मार्क देणार नसते. तुम्ही दुखण्याचं मूळ बरोबर धरलंय. मार्क देणारा आणि ऐकून घेणारा माणूस एक असून चालत नाही. तुम्ही कितीही मायेनं विचारलं तरी तिला समोर रजिस्टरच दिसणार.

पण एक प्रश्न तुम्हालाच विचारावा लागेल, आणि आजच. 'जगू नये असं मनात येतं का? जिवाचं काही करावं असा विचार येतो का?' आडवळणानं नको, सरळ याच शब्दांत. विचारल्यानं डोक्यात कल्पना शिरते ही समजूत चुकीची आहे, हे तुम्ही वर्गात शिकवतच असाल. 'हो' म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्यायचं. 'नाही' म्हणाली तरी दोन आठवड्यांच्या वर झोप-भूक गेली असेल तर दाखवायलाच हवं. कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. ओळखीच्या स्टाफची भीती वाटत असेल, कारण तिथं निम्म्या कॉलेजांच्या मुली पोस्टिंगला असतात, तर आधी टेली मानसला फोन करू दे. नंबर १४४१६. २०२२ पासून केंद्र सरकारची ही सेवा चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून. हॉस्टेलच्या गच्चीवरून फोन केला तरी चालतो, केसपेपर लागत नाही.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. मेसच्या जेवणावरच्या मुलींचा थकवा नुसता मनाचाच असेल असं धरून चालू नका. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर तिला आधीच सांगा, गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून मुली सोडून देतात. आणि नाइट ड्युटी काही काळ टाळा. झोपेची घडी बसल्याशिवाय बाकीचं काही बसत नाही.

घरी सांगायचं का? ती १९ वर्षांची आहे. तिच्या जिवाला धोका नसेल तर सांगायचं की नाही हे तिनं ठरवायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ प्रमाणे तिची उपचाराची माहिती गुप्त राहणं हा तिचा हक्क आहे. फाइलला फक्त 'वैद्यकीय रजा' एवढं लागू दे. प्रिन्सिपलना हे कलम दाखवा. तोंडी सांगण्यापेक्षा कागद दाखवला की पटकन ऐकतात.

एमएस्सी_ब्रदर:

वर सगळं आलंच आहे. एकच जोडतो. लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या विद्यार्थिनींवर इझाबेल मेन्झीज यांचं १९६० च्या सुमाराचं काम आहे. तिथल्या साधारण एक तृतीयांश मुली शिक्षण अर्ध्यावर सोडायच्या. बाईंनी दाखवलं की काम तुकड्यांत वाटणं, पेशंटला नावानं न बोलावता 'दहा नंबर बेडचं लिव्हर' म्हणणं, या सगळ्या रीती नर्सला दुःखापासून वाचवायला पडल्या होत्या, पण त्यांनी ती चिंता कमी झाली नाही, साचत गेली. आपल्याकडंही ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी पुढच्या नर्सच्या हाती सोपवताना, बेड नंबरच बोलतो ना आपण?

तुम्ही लिहिलंय सिस्टर दोनच होत्या. कौन्सिलचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयाला तीन पेशंटमागं एक नर्स आणि साध्या रुग्णालयाला पाचामागं एक असं आहे. ते पाळलं तर त्या इनचार्ज सिस्टरना दहा मिनिटं मिळतील. नाहीतर सगळा भार एकट्या मुलीच्या मनावर आणि एकट्या ट्यूटरच्या चांगुलपणावर पडतो. हे बोलायलाच पाहिजे.

गडहिंग्लजची_लेक:

मीही अशीच एक स्टुडंट होते. कॉलेजनं मला 'चार दिवस घरी जा' म्हणून पाठवलं. घरात बाहेरचं झालंय म्हणाले, अंगारा लावला, आणि शेजारीपाजारी पोरगी कॉलेज सोडून आली हे पसरलं. चार दिवसांचे दोन महिने झाले. घरी पाठवायचं तर मॅडम, तुम्ही स्वतः फोन करा. आईला आजाराचं नाव सांगू नका. 'तिला झोप लागत नाही, जेवत नाही, पेशंट गेल्याचं मनाला लागलंय, औषध चालू आहे, बरी होणारच आहे' असं म्हणा. माझ्या आईला एवढं कुणी सांगितलं असतं तर तिनं मला उशाशी घेऊन झोपवलं असतं.

वॉर्डट्यूटर (कोल्हापूर):

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं वाचून मी तिला जर्नल घेऊन बोलावलं. तो रकाना तिनं भरला. खूप वेळ लागला. प्रेशर सोअर नाही, हे लिहिताना ती पहिल्यांदा बोलायला लागली. मग रत्नागिरीच्या मॅडमनी सांगितलेला प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. तसा विचार नाही म्हणाली, पण "सकाळी उठूच नये असं वाटतं" म्हणाली. १४४१६ ला तिनं माझ्यासमोर नको म्हणून रूममध्ये जाऊन फोन केला. उद्या ओपीडीला जाणार आहे, सोबत रूममेट. आईला फोन तिनंच सांगितलं की मी करावा, गडहिंग्लजच्या ताईंचेच शब्द वापरेन. नाइट ड्युटी प्रिन्सिपलनी काढून टाकलीय. कलम २३ ची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर आहे.

ब्रदर, वॉर्डातल्या स्टाफचं मी कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून देणार आहे, बघू काय म्हणतात.

आता एक मागणं. मार्क देणाऱ्यानं ऐकायला बसायचं नाही, तर मग अदलाबदल करूया. कोल्हापुरातल्या दुसऱ्या कॉलेजच्या ट्यूटर इथं असतील तर तुमच्या मुलींना मी भेटेन, आमच्या मुलींना तुम्ही भेटा. मार्क नाहीत, हजेरी नाही, नोंद नाही. शनिवारी दुपारी दोननंतर मी मोकळी असते, शाहूपुरी-राजारामपुरीकडं कुठंही येऊ शकते. ज्यांना जमेल त्यांनी मला निरोप टाका.