चॉकलेट ओट्स तीनदा फसले, नेमकं काय चुकतंय?

राजारामपुरी_आई

नमस्कार मंडळी. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, सकाळी साडेसहाला फुटबॉलच्या प्रॅक्टिसला जातो, आठला घरी येतो तेव्हा पोटात नुसते कावळे ओरडत असतात आणि मग ते खोक्यातलं चॉकलेटचं सीरियलच पाहिजे म्हणून हट्ट. परवा खोक्याच्या मागची यादी वाचली तर साखर दुसऱ्याच नंबरला, मन धजेना रोज द्यायला. म्हणून ठरवलं घरीच चॉकलेटचे ओट्स करायचे, गुळावर.

तीनदा केले. पहिल्यांदा कोको पावडर उकळत्या दुधात टाकली तर वर बारीक गोळे तरंगायला लागले, चमच्यानं फोडला की आत कोरडी पावडर. दुसऱ्यांदा गूळ चिरून घातला आणि दोन मिनिटांत दूध फाटलं, अर्धा लिटर गेलं. तिसऱ्यांदा फाटलं नाही पण ओट्सची पार खळ झाली आणि वर कडू, पोरानं दोन घास खाल्ले आणि वाटी सरकवली. दूध गवळ्याकडचं म्हशीचं आहे, ओट्स ते झटपट होणारे बारीकवाले.

अजून एक, सासऱ्यांना शुगर आहे, त्यांनाही हेच पाहिजे म्हणतात. गूळ घातलेलं चालेल ना त्यांना?

रंकाळा_सकाळी_सहा

ताई, कोको उकळत्यात कधीच टाकायचा न्हाई बगा. पिठल्याला बेसन कसं आधी गार पाण्यात कालवून घेतासा, तसंच हे. वाटीत एक मोठा चमचा कोको, त्यात दोन-तीन चमचेच कोमट दूध, आणि चमच्याच्या पाठीनं रगडत राहायचं. सुरवातीला वाटतं हे भिजतच न्हाई, पावडर कडेला पळती, पण मिनिटभर रगडलं की एकदम चकचकीत काळपट पेस्ट होती, चमच्यावरनं सावकाश ओघळणारी. तशी झाली की मगच पातेल्यात. गरम दुधात थेट टाकली की गोळ्याची बाहेरची बाजू ओली होऊन फुगती आणि आतल्या पावडरला पाणीच पोचत न्हाई, म्हणून तुमचे गोळे झाले.

खळ का झाली तर बारीक ओट्स. ते आधीच वाफवून पातळ दाबून तुकडे केलेले असतात, लगेच विरघळतात. रोल्ड ओट्स आणा, जरा जाड पाकळीचे. आणि उपम्याचा रवा भाजतो तसे अर्धा चमचा तुपावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, खमंग वास सुटला की बास. मग पाकळी पाकळी राहती आणि चवही लई फरक पडती, मी तर न भाजता करतच न्हाई.

माप सांगतो एका माणसाचं: अर्धा कप ओट्स म्हणजे ४० ग्रॅम, एक कप पाणी, चिमूटभर मीठ, पाच-सहा मिनिटं शिजवा. पाणी आटत आलं की कोकोची पेस्ट आणि अर्धा कप दूध, एक उकळी आणि गॅस बंद. म्हशीचं दूध दाट असतंय, सगळं दुधातच शिजवलं की पोटाला जड जातंय. मीठ विसरू नका, कोकोचा कडूपणा मिठानं मरतो, नुसत्या गोडानं न्हाई.

गूळ सगळ्यात शेवटी. गुळात थोडी आंबट बाजू आणि क्षार असतात, उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, बोट लावून सोसवेल इतपत झालं की किसलेला गूळ टाका. आमची आज्जी गुळाचा चहा पण असाच करायची, दूध गरम करून वेगळं आणि कपात एकत्र.

शाहूपुरी_४१६००१

वरच्या दादांची कृती चांगली आहे, पण सासऱ्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण मला स्वतःला सात वर्षं डायबिटीस आहे आणि हीच चूक मी केलेली आहे. गूळ ही साखरच आहे. आपल्या कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय मानांकन (म्हणजे इथलाच खास माल म्हणून मिळणारी भौगोलिक ओळख) मिळालं, मला त्याचा अभिमान आहे, घरात दुसरा गूळ येत नाही, पण रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. थोडंफार लोह वगैरे असतं ते दोन चमच्यांत किती येणार. सासऱ्यांच्या वाटीत गूळ अजिबात नको. त्यांना रोल्ड ओट्सच द्या, झटपटवाले शुगर लवकर वाढवतात, वरून दालचिनी आणि चार बदाम. आणि खाल्ल्यावर दोन तासांनी घरच्या मशीनवर बघा, एकाला चालतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही, आकडे त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ओट्समधला बीटा ग्लुकन नावाचा फायबर कोलेस्टेरॉलसाठी चांगला, त्यामुळे ओट्स त्यांना द्याच, फक्त बिनगोडाचे.

मुलाला गोड पाहिजे तर आधी पिकलेलं केळं कुस्करून घाला, सालीवर काळे ठिपके आलेलं, त्यावरच बरंच भागतं. मग वर एक छोटा चमचा गूळ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अजून चांगलं, मोठ्या माणसाला ते साधारण २५ ग्रॅम होतं आणि मुलांना त्याहून कमी. गूळ, मध, सगळं त्यातच धरायचं.

आणि ताई, डबा एकदा बघा. कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पहिलाच शब्द साखर असेल तर त्यात सगळ्यात जास्त साखरच आहे. नुसतं कोको हवं, अनस्वीटन्ड लिहिलेलं. माल्टच्या पावडरी घालून चॉकलेटी रंग आणणारेही आहेत, एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रीवाल्यांना तसली पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका असं सांगितलं ते काही उगाच नाही.

गडहिंग्लजचा_भाचा

ओट्सच का पण? नाचणी घ्या की. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, वाढत्या पोराला लागतंच. आंबिलीसारखं पीठ गार पाण्यात कालवून शिजवायचं आणि त्यात कोको, नाचणीचा रंग मुळातच तसला असतो त्यामुळे पोरांना कळतसुद्धा नाही. आठवड्यातनं दोन दिवस ओट्स, दोन दिवस नाचणी असं करून बघा.

राजारामपुरी_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. डबा बघितला, ड्रिंकिंग चॉकलेटच निघालं!! म्हणजे तिसऱ्यांदा कडू लागलं ते कोकोनं नाही, ओट्स खाली लागले होते बहुतेक. आज खरी कोको पावडर आणि जाड ओट्स आणले, तुपावर परतले, पेस्ट अगदी सांगितली तशी ओघळणारी झाली. दूध फाटलं नाही. केळं आणि एक चमचा गूळ. पोरानं वाटी पुसून खाल्ली आणि विचारलं उद्या पण करशील का. सासऱ्यांना गुळाशिवाय दिले, चेहरा जरा पडला पण खाल्ले, मशीनवरचा आकडा वहीत लिहायला सुरवात केली आहे.

एकच राहिलं, मी साडेसहालाच करून ठेवते आणि आठपर्यंत त्याचा गोळा होतो. काय करू?

रंकाळा_सकाळी_सहा

होणारच, ओट्स पाणी पीत राहतात. शिजवताना पाव कप पाणी जास्त घाला आणि गूळ-केळं आत्ता घालू नका. आठला अर्धी वाटी दूध घालून परत गरम करा, सैल होतंय लगेच, मग खाली उतरवून जरा निवलं की गूळ. आणि घरात कुत्रं असलं तर उरलेलं त्याला घालू नका, कोको त्यांना विषारी असतो.