चार्टर शाळेत स्पेशल एज्युकेशन शिकवणाऱ्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत सरकारी शाळेत स्पेशल एज्युकेशन, म्हणजे अपंग मुलांचे विशेष वर्ग, शिकवते. जवळच्या एका चार्टर शाळेने नोकरी देऊ केली आहे. वर्ग लहान, मुख्याध्यापिका तळमळीच्या वाटल्या, तरी माझं मन तयार होत नाही.

चार्टर शाळाही सरकारी पैशावरच चालतात, फक्त कारभार स्वतंत्र मंडळाकडे असतो; फी नसते, जागा कमी पडल्या तर लॉटरी. अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा त्यांनाही तितकाच लागू. कागदावर फरक नाही. पण चार्टरमधून वर्षाच्या मध्येच आमच्याकडे परत येणारी मुलं मी बघते. यंदा तिसरीतला एक मुलगा आला. आयईपीत (अपंग मुलासाठी केलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात) आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी लिहिलेली, आणि थेरपीच्या नोंदींची पानं कोरी. आईला म्हणे सांगितलं होतं, 'तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे तिथल्या नेहमीच्या सरकारी शाळांत) त्याची सोय जास्त चांगली होईल.' हे ऐकून फार वाईट वाटलं. आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं नाही, मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये मूल फायलींत हरवतं. पण निदान थेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट हाताशी असतात.

इथे कोणी चार्टरमध्ये हे काम करतंय का? थेरपिस्ट शाळेचेच असतात की कंत्राटावर बाहेरून येतात? एका शिक्षिकेकडे किती आयईपी येतात? होकार देण्याआधी शाळेला नेमकं काय विचारू, म्हणजे खरी परिस्थिती कळेल? पुढच्या आठवड्यात त्यांना कळवायचं आहे.